फुकटची डिस्क आणि खंडेनवमी

कपाट विकत घेतलं की आत फळ्या येतात. दुकानदार कधी म्हणत नाही की कपाटाचा भाव हा, फळ्यांचं भाडं दर महिन्याला वेगळं, आणि कपाट कुठे ठेवलंय हे लक्षात ठेवायचं असेल तर त्याचे आणखी वेगळे. असं कोणी म्हटलं तर मी उठून समोरच्या दुकानात जाईन, आणि जाता जाता त्याला दोन शब्द ऐकवीन. पण ठाण्याला काचेच्या ऑफिसात बसून हेच कोणी लॅपटॉपवर दाखवलं, की त्याला क्लाउड म्हणतात आणि आपण मान डोलवायची असते. मी डोलवली नाही. मी भाव केला. आणि त्याची शिक्षा माझ्या बायकोला झाली. हे मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

डोंबिवलीला एमआयडीसीत माझी शेड आहे. प्लास्टिकच्या वस्तू ज्यात ओततात ते लोखंडी साचे आम्ही बनवतो. बाटल्यांची झाकणं, डब्यांच्या कड्या, पंख्याची बटणं. गावाकडून आलो तेव्हा मी ठाण्यात दुसऱ्याच्या कारखान्यात लेथखाली पडलेला लोखंडी चुरा झाडायचो. तिथून इथपर्यंत कुणी मला हात धरून आणलेलं नाही. भाव करत करत आलोय. जागेचा, लोखंडाचा, जुन्या मशिनांचा. माझा आवाज चढतो हे मला माहीत आहे. चढला नसता तर अजून झाडत असतो.

साचा लोखंडात कापण्याआधी तो ड्रॉइंगमध्ये असावा लागतो, आणि आमची सगळी ड्रॉइंग माझी बायको काढते. ती खडवलीची. मुलं शाळेत जायला लागल्यावर कल्याणला स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये जाऊन ती कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला शिकली. वर्गात सगळी कॉलेजची पोरं आणि ही एकटी, पायाशी भाजीची पिशवी. आज आमच्या शेडमधून असा एकही साचा जात नाही ज्याची गोलाई न् गोलाई तिच्या हातून गेलेली नाही. गिऱ्हाईक भेटतं मला, भांडतं माझ्याशी, पण घेऊन जातं ते तिचं काम.

ती घरी काम करायची आणि मशीन शेडमध्ये. ड्रॉइंग पेन ड्राइव्हवर घालून मी खिशातून न्यायचो. शेडमधला कॉम्प्युटर लोखंडाची धूळ खाऊन बसायचा, वीज गेली की कुरकुरायचा, आणि एकदा तर आतून जळकट वास यायला लागला. तेव्हा ओळखीच्या एका कारखानदाराने सांगितलं, हे सगळं क्लाउडवर टाक. मशीन त्यांचं, वीज त्यांची, धूळ नाही. तुझी ड्रॉइंग तिथे राहतील, घरूनही उघडतील, शेडमधूनही. मला पटलं. आम्ही दोघं ठाण्याला त्या कंपनीत गेलो.

तिथे आमच्याशी बोलायला एक मॅडम होत्या. तिशीच्या असतील. सरळ मराठीत बोलत होत्या, हे मला आवडलं. त्यांनी लॅपटॉप आमच्याकडे वळवला आणि पानावर एकेक रकाना दाखवायला लागल्या. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हे मशीन म्हणजे खरं मशीन नव्हे. दूर कुठेतरी मोठमोठी लोखंडी मशिनं आहेत, त्यातला एक तुकडा आपल्या नावाने चालतो. आधी मशीन निवडायचं. मग त्याला डिस्क जोडायची. मग नेटवर्क कार्ड जोडायचं. मग त्या कार्डाला पत्ता द्यायचा, ज्यावरून आपल्या कॉम्प्युटरला ते मशीन सापडतं.

मी म्हटलं, "थांबा. डिस्क वेगळी?"

"हो सर. डिस्क हवी तेवढी मोठी घेता येते, म्हणून वेगळी."

"मी कल्याणला कॉम्प्युटर घेतला तेव्हा डिस्क आत होती. कार्ड आत होतं. त्या माणसाने मला माउसपण दिला."

बायकोने मला टेबलाखालून पाय मारला. मॅडम हसल्या. "कार्डाचे पैसे नाहीत सर. पण बाहेरचा कायमचा पत्ता हवा असेल तर त्याचे आहेत."

"पत्त्याचे पैसे? मी इतकी वर्षं डोंबिवलीत राहतो. माझ्या पत्त्याचं भाडं पोस्टमनने कधी मागितलं नाही."

"बिनपैशाचा पण असतो. मशीन चालू आहे तोपर्यंत तोच राहतो."

"मग तो द्या. मशीन कशाला बंद होतंय? कायम चालू असतं असं तुम्हीच म्हणालात."

पत्त्याचं तसं मिटलं. आता डिस्क. मी त्यांना विचारलं, बिनपैशाचा पत्ता असतो तशी बिनपैशाची डिस्क नसते का? त्या थोड्या थांबल्या. म्हणाल्या, "या मशीनच्या आत एक असते. वेगवान असते. तिचे वेगळे पैसे नाहीत. पण ती..."

मी म्हटलं, "बस. तीच द्या."

आता इथे भांडण आहे. त्या म्हणतात की त्यांनी वाक्य पूर्ण केलं. बायको म्हणते अर्धं केलं. मला 'पण ती'पर्यंतच आठवतं. आणि समजा पूर्ण केलं असेल, तरी हे काय धोका सांगणं झालं? विजेच्या डब्यावर लाल कवटी काढतात. तिथे 'पण' लिहून सोडून देत नाहीत. मॅडम उठून आतल्या केबिनमध्ये साहेबांना विचारायला गेल्या. काचेतून मला दिसत होतं, साहेब मोबाइलवर बोलत होते, आणि बोलता बोलता त्यांनी हात असा झटकला की देऊन टाका, होऊन जाऊ दे. मॅडम परत आल्या आणि फुकटची डिस्क आम्हाला लागली. मी भाव जिंकलो असं मला वाटलं. चहा कागदाच्या कपात होता, तोही मी आनंदाने प्यायलो.

वर्षभर काही तक्रार नव्हती. खोटं कशाला सांगू, सोय झाली. आणि त्या वर्षात बायकोने तिच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं.

झालं असं की कोपरच्या पलीकडे खाडीवर राहणारे एक दादा आमच्याकडे आले. कोळी माणूस, बाप-आज्यापासून मासेमारी. जाळं पाण्यात तरंगावं म्हणून त्याच्या वरच्या दोराला पोकळ गोळे ओवतात, त्यांना बोये म्हणतात. दादांनी उन्हाने तडकलेला एक बोया टेबलावर ठेवला आणि म्हणाले, बाजारात मिळतो तो आमच्या दोराला बसत नाही, सरकतो, जाळ्याच्या डोळ्यात अडकतो. आमच्या दोराचा बनवून दे. खाडीवरच्या सगळ्या होड्या घेतील.

मी नेहमीप्रमाणे भावाला सुरुवात करणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "दादा, मला आधी जाळं बघायचंय."

ती खाडीवर गेली. दादांच्या घरातल्या बायकांबरोबर जाळं मांडीवर घेऊन बसली, दोर बोटाला गुंडाळून बघितला. मग तिने जो बोया काढला त्याला कंबर होती, दोर तिथे बसायचा आणि हलायचा नाही. साचा बनला, पहिले काही नग काढून दादांना दिले, त्यांनी पाण्यात टाकून बघितले. परत येऊन म्हणाले, सगळं झकास, फक्त भोकाची कड दोर चिरते. बायकोने पुन्हा बसून भोकाच्या दोन्ही तोंडांना गोलाई दिली. ऐकायला सोपं वाटतं. पण एका ठिकाणी गोल केलं की बाजूची भिंत पातळ होते, ती जाड केली की बोया जड होतो आणि बुडायला बघतो. कितीतरी वेळा मी तिला म्हटलं, आता पुरे. ती म्हणायची, अहो, दोर माझ्या हातात नाही ना, त्यांच्या हातात असतो. शेवटी नवरात्रात ते जमलं. ड्रॉइंग तिने क्लाउडवर ठेवलं. दसरा झाला की साच्यात नवीन कड कापायची आणि दादांना द्यायचं, असं ठरलं. शब्द मी दिला होता.

आता खंडेनवमीचं सांगतो. आमच्या शेडमध्ये त्या दिवशी सकाळी सगळी मशिनं रॉकेलच्या फडक्याने पुसतात, ऑइल घालतात, झेंडूच्या माळा घालतात, हळदकुंकू लावतात. आणि मग बंद. दसरा होईपर्यंत ग्राइंडरच्या बटणालाही कोणी हात लावत नाही. वर्षभर राबतात, त्यांचा तो विश्रांतीचा दिवस. आमचे मिस्त्री या बाबतीत माझ्याहून कडक आहेत. एकदा शेजारच्या शेडवाल्याने पाना मागितला तर त्यांनी सांगितलं, आज पाना झोपलाय, परवा या.

त्या खंडेनवमीला सगळं झाल्यावर मिस्त्री हातात हळदकुंकवाची वाटी घेऊन इकडेतिकडे बघायला लागले.

"शेठ, ते ढगातलं मशीन राहिलं."

"त्याचं काय?"

"ते आपलं नाही का? वर्षभर वहिनींचं काम त्यानेच सांभाळलं. एक दिवस त्याला नको?"

"अहो मिस्त्री, त्याला कुंकू कुठे लावणार? ते कुठे आहे तेच मला माहीत नाही."

मिस्त्रींनी भिंतीवरच्या इंटरनेटच्या डब्याला कुंकू लावलं, त्याच्या दांडीत एक झेंडू खोचला, आणि म्हणाले, "निरोप पोचतो. पण बंद मात्र तुम्ही करा."

बायको हसली, पण तिलाही ते पटलं होतं. तिने पान उघडलं. स्टॉप असं बटण होतं. दाबल्यावर त्याने इंग्रजीत विचारलं, नक्की ना? आमचं नक्कीच होतं. आमच्या खंडेनवमीबद्दल आम्हाला काय शंका असणार? मशीन थांबलं. आम्ही पेढे खाल्ले.

दसऱ्यानंतर कामाच्या दिवशी सकाळी मशिनं सुरू झाली. बायकोने क्लाउडचंही सुरू केलं. पान म्हणे सुरू आहे, पण तिचा कॉम्प्युटर म्हणे असं मशीनच सापडत नाही. मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही ते थांबवलं होतं का? मग पत्ता बदलतो. नवीन पत्ता पानावर दिसेल, तो टाका." एव्हाना सरचा काका झालो होतो. बायकोने नवीन पत्ता टाकला. मशीन उघडलं. जीव भांड्यात पडला. तिने ड्रॉइंगची डिस्क उघडली.

रिकामी.

तिने ती बंद करून पुन्हा उघडली, डब्याचं झाकण लावून उघडलं की आत काही येईल अशा आशेने. आत फक्त एक इंग्रजी फाइल होती. तिच्यात लिहिलं होतं, या डिस्कवर ठेवलेलं काहीही जाऊ शकतं, इथे महत्त्वाचं ठेवू नका. म्हणे ती फाइल पहिल्या दिवसापासून तिथेच होती, बायकोच्या सगळ्या कामाच्या गर्दीत. याला सूचना म्हणतात? पूल पडलाय ही पाटी नदीच्या तळाशी लावायची आणि वर म्हणायचं, पाटी लावली होती!

मी पुन्हा फोन केला. यावेळी माझा आवाज शेडच्या पत्र्याला लागत असावा, कारण मिस्त्रींनी लेथ बंद केला.

मॅडम म्हणाल्या, "काका, रीस्टार्ट केलंत की स्टॉप?"

"स्टॉप."

"स्टॉप कशाला केलंत?"

"खंडेनवमी होती."

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. रीस्टार्ट केलं तर मशीन त्याच लोखंडावर पुन्हा उभं राहतं. स्टॉप केलं की ते त्या लोखंडावरून उठतं आणि ती जागा दुसऱ्या कुणाला मिळते. पुन्हा सुरू केलं की ते वेगळ्याच लोखंडावर जाऊन बसतं. विकत घेतलेली वेगळी डिस्क असती तर ती त्याच्या मागोमाग गेली असती. आमची फुकटची डिस्क त्या जुन्या लोखंडाचाच भाग होती. लॉजची खोली सोडली की गादी आपल्याबरोबर येत नाही, तसं. फक्त इथे गादीखाली माझ्या बायकोचं वर्ष होतं, आणि आम्ही बाहेर पडलो तशी त्यांनी खोली धुऊन काढली.

जुन्या कॉम्प्युटरमध्ये क्लाउडवर जाण्याआधीची ड्रॉइंग होती. म्हणजे त्यानंतरचं सगळं गेलं. बोयाही गेला.

बायको रडली नाही. तिने कॉम्प्युटर बंद केला, वायर काढून नीट गुंडाळली, आणि म्हणाली, "मी घरी जाते." गुंडाळलेली वायर बघून मला जास्त राग आला.

त्यानंतर इमेल सुरू झाले. मी मराठीत लिहायचो, उत्तर इंग्रजीत यायचं. आम्हाला खेद आहे. नियमावलीत हे स्पष्ट केलेलं आहे. तुमची तक्रार नोंदवली आहे. पुन्हा खेद आहे. त्यांच्याकडे खेदाचं गोदाम असावं. शेवटी मी बायकोला घेऊन ठाण्याला गेलो.

ऑफिसात पाय ठेवला आणि पहिल्यांदा काय दिसलं? मॅडमच्या लॅपटॉपच्या स्क्रीनला झेंडूची माळ! सुकलेली, दसऱ्यापासून कुणी काढलेली नाही. मी मॅडमना विचारलं, "तुम्ही राहता कुठे?"

"कोपरला."

"मग? वडील काय करायचे?"

"कारखान्यात फिटर होते."

"खंडेनवमीला काय करायचे?"

"पाना, पक्कड, स्क्रूड्रायव्हर पाटावर मांडायचे."

"आणि दुसऱ्या दिवशी त्याच पक्कडीने खिळा उपटायचे?"

"नाही हो काका. हातपण लावू द्यायचे नाहीत."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं! अमेरिकेतल्या माणसाला माहीत नसेल, कोपरच्या मुलीला माहीत होतं की या गावात वर्षातून एकदा प्रत्येक मशीन बंद होतं. आणि तुम्ही मला अशी डिस्क दिलीत जी बंद केल्यावर मरते."

मॅडम म्हणाल्या, "मी लॅपटॉपला हार घालते, पण बंद करत नाही. माझी ड्यूटी असते."

"मग ती पूजा नव्हे, ती सजावट."

एवढ्यात साहेब केबिनमधून आले. छान हसरे. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "सर, लेट अस बी प्रॅक्टिकल. आम्ही तुम्हाला पुढचे काही महिने फुकट देतो."

"फुकट हा शब्द तुमच्या तोंडून पुन्हा नको."

"नाही, पण सर, टेक्निकली बघितलं तर हा लॉस तुमच्या पूजेमुळे झालाय ना."

मी उभा राहिलो. माझ्या पूजेमुळे! म्हणजे फळी मोडकी दिली तुम्ही, आणि पडलं म्हणून दोष देवाला. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. आजूबाजूच्या टेबलांवरच्या मुलांनी कानातली यंत्रं काढून ठेवली एवढं आठवतं. मला फक्त एक गोष्ट हवी होती. त्यांनी सरळ शब्दांत म्हणावं, डिस्क चुकीची लावली. साहेब म्हणाले, तसं लिहून देता येणार नाही, लीगलला विचारावं लागेल.

मॅडम मध्येच म्हणाल्या, "सर, लिहून नको, मी तोंडाने सांगते. ती डिस्क मी लावली. ड्रॉइंगसाठी ती लावायला नको होती. मी तेव्हा केबिनमध्ये तुम्हाला तसं म्हटलंही होतं." साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. त्या माझ्याकडे वळल्या. "पण काका, तुम्ही इतकी वर्षं भाव करता. ही फुकट का आहे, हे तुम्हीही विचारायला हवं होतं."

हे वाक्य मला अजून झोंबतं. ते खरं आहे की खोटं हा प्रश्न वेगळा. ते मला ऐकवण्याचा अधिकार त्यांना नव्हता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायको पहिल्यांदा बोलली.

"तुला रविवारी सुट्टी असते का गं?"

"असते काकू."

"मग शेडवर ये. नवीन मशीन माझ्यासमोर लाव. मी एकेक विचारीन, तू सांगशील. समजलं नाही तर मी पुढे जाऊ देणार नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि हे एक शब्द बोलणार नाहीत."

असा सौदा मी कधी केला नसता. मला माफी हवी होती, तिने रविवार मागितला. पण तिने मागितला आणि तो मिळाला.

मधल्या दिवसांत खाडीवरचे दादा शेडवर आले. मला त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती, कारण शब्द मी दिला होता. सगळं ऐकून ते म्हणाले, "शेट, सगला ढगान ठेवलास ना? मंग कशाला घाबरतं? पाऊस परला का येल खाली." मी हसलो नाही. ते बायकोकडे वळले. "पन पाऊस तं गेला आता. पुढल्या सालापावत थांबाला लागल, बाय." आणि पिशवीतून त्यांनी जाळ्यावरून उतरवलेले पहिले बोये काढून तिच्या टेबलावर ओतले. खाऱ्या पाण्याने पांढरे पडलेले, भोकाशी दोराचे तंतू अडकलेले. "ह्ये घे. दोर कुठं चिरतं ते यावर दिसतं. यावरशी कर."

ती त्यावरून करायला बसली. पुन्हा मोजमाप, पुन्हा गोलाई, पुन्हा बुडतो की तरंगतो. झालं एकदाचं. दादांनी पाण्यात टाकून बघितलं, दोर चिरत नाही, आज खाडीवरच्या होड्यांवर तेच बोये आहेत. बायको म्हणते, आधीच्याइतकंच चांगलं झालंय. ती हे म्हणताना माझ्याकडे बघत नाही. आधीचं तिला स्वतःला आवडलं होतं, हे फक्त काम झालं. तेवढा फरक मला कळतो. ठाण्याच्या कुठल्या इमेलमध्ये त्या फरकाचा खेद नव्हता.

ठरल्या रविवारी मॅडम आल्या. शेड बंद, फक्त आम्ही तिघं. बायकोने खुर्ची त्यांच्या शेजारी घेतली. मी लांब, लेथला टेकून.

"ही डिस्क कुठली?"

"ही मशीन स्वतः चालण्यासाठी."

"आणि ही?"

"ही तुमच्या ड्रॉइंगची. वेगळी विकत घेतलेली."

"मशीन बंद केलं तर?"

"राहते. मशीन दुसरीकडे गेलं तर ही त्याला पुन्हा जोडली जाते."

"मशीनच काढून टाकलं तर?"

मॅडमनी बोट दाखवलं. पानावर एक चौकोन होता, त्यात बरोबरची खूण. मशीन काढलं की डिस्कही काढून टाका, असा त्याचा अर्थ.

बायको म्हणाली, "ही खूण आपण केली का?"

"नाही, आधीपासूनच असते."

मला राहवलं नाही. "कुणाच्या सोयीसाठी?"

"तुम्ही बोलायचं नाही," बायको म्हणाली, आणि खूण काढून टाकायला लावली. मग नेटवर्क कार्ड. त्याला कायमचा पत्ता, जो मशीन झोपलं तरी आपल्याच नावावर राहील. मग डिस्कची रोजची एक प्रत वेगळ्या जागी. आणि वर तिने स्वतः एक छोटी डिस्क आणली होती, हातात धरायची, ती घरच्या कपाटात. त्या कपाटाला फळ्या आहेत. शेवटी तिने एक कोरं ड्रॉइंग ठेवून मशीन थांबवायला लावलं आणि सुरू करायला लावलं. कोरं ड्रॉइंग जागेवर होतं. मॅडमना तिने पोहे दिले. मी काही दिलं नाही.

यंदा पुन्हा खंडेनवमी आली. मॅडमचा आदल्या दिवशी मुद्दाम फोन. "काका, डिस्क आता व्यवस्थित आहे, पण तरी उगाच बंद करू नका ना. काय गरज आहे?"

काय गरज आहे? बंद करायचं नाही म्हणजे साहेबांचं म्हणणं मान्य करायचं, की दोष पूजेचा होता. सगळी शेड विश्रांती घेणार आणि हे एकटं मशीन त्यांच्या भीतीने राबणार? मी सांगितलं, बंद होणार.

मिस्त्रींनी भिंतीवरच्या डब्याला कुंकू लावलं, दांडीत झेंडू खोचला. बायको पान उघडून बसली. या वर्षीची तिची सगळी ड्रॉइंग त्यात होती. तिने बटणापर्यंत बाण नेला, मग माउस माझ्याकडे सरकवला.

"तुम्ही दाबा."

त्याने विचारलं, नक्की ना? मी दाबलं. पेढ्याला कोणी हात लावला नाही. मिस्त्रीसुद्धा वाटी धरून तसेच उभे.

दसऱ्यानंतर सकाळी आम्ही शेडमध्ये गेलो. मिस्त्रींनी लेथ सुरू केला नाही. आधी हे बघू म्हणाले. बायकोने मशीन सुरू केलं. पत्ता तोच. तिने डिस्क उघडली, आणि थेट बोया उघडला. स्क्रीनवर तो हळूहळू फिरला, कंबर, भोक, भोकाची गोल कड.

"आहे," ती म्हणाली. एवढंच. मिस्त्रींनी लेथ लावला.

मलाही आनंद झाला, नाही म्हणत नाही. पण महिन्याचं बिल आलं आणि मी चष्मा लावून बघितलं. मशीन बंद होतं त्या वेळेचे मशीनचे पैसे नाहीत, ठीक. डिस्कचे आहेत, तेही मी गिळलं, सामान तिथे होतं. पण पत्त्याचे? मशीन झोपलेलं, दार बंद, एक माणूस आत आला नाही की बाहेर गेला नाही, आणि पत्त्याचं भाडं चालूच! मी ठाण्याला फोन लावला.

"काका, पत्ता तुमच्यासाठी राखून ठेवलेला असतो ना."

"राखला, ठीक आहे. वापरला कुणी?"

"कुणी नाही."

"मग?"

आतून बायको ओरडली, "अहो, पुरे आता!"

पुरे कसं? मी खुर्ची ओढून बसलो आणि म्हटलं, "मॅडम, साहेबांना द्या फोन."